तळ्याकाठचे खोके व स्टूल जागेवरून न हलवणेबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
तलाव व उद्याने विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला
(जिन्याचा कठडा तिसऱ्या वळणावर हलतो, तो पाहून घ्यावा)

विषय : मयत पासधारकाचे कॅमेऱ्याचे खोके व एक स्टूल जप्त न करणेबाबत, तसेच पासामागील नियम चारप्रमाणे अर्जदारास सकाळी आत सोडणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, खोक्यावर डिंकाने चिकटवलेली.
२) आपल्याच फाटकावरची नोंदवही.

महोदय,

खाली सही करणारी बाई चौथीपर्यंत शिकलेली आहे. आपल्या कार्यालयाबाहेर टाइप करून देणारे बसतात, त्यांनी हा सगळा मामला चार ओळींत बसवून दिला होता आणि शेवटी 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असे घातले होते. अर्जदारास सहानुभूती नको आहे, म्हणून तो कागद तिथेच फाडला व हा हाताने लिहिला. टाइपवाल्याकडून एकच गोष्ट शिकून घेतली, की अर्जात 'मी' लिहायचे नसते, 'अर्जदार' लिहायचे असते. तसे लिहिते.

१. आपल्या नोटिशीत म्हटले आहे की पासधारक मयत असल्यामुळे त्याचे खोके अनधिकृत झाले, स्टूल हे काठावरचे अतिक्रमण आहे, आणि 'छंद' या सदराखाली घेतलेला पास कमाईसाठी वापरला गेला. सात दिवसांत वस्तू न उचलल्यास त्या भंगारात जातील. यातले पहिले खरे की खोटे ते खाली येईल. दुसऱ्याबद्दल एवढेच, की दीड वीत स्टुलाने तळे अडत असेल तर तळे फारच लहान आहे. तिसरे मात्र खरे आहे. छंदाची कमाई झाली, आणि ती पासधारकाने नव्हे, अर्जदाराने केली. त्याची हकिकत येणेप्रमाणे.

२. अर्जदाराचे पती घरोघरी पाण्याचे मीटर वाचत. चाळीस वर्षे चालले. निवृत्त झाले त्याच महिन्यात कुणाला न विचारता एक जुना कॅमेरा घेऊन आले आणि आपल्याकडून तळ्याचा पास काढला : सकाळी सहा ते आठ, सोमवारी बंद, सदर 'निसर्ग छायाचित्रण (छंद)'. रोज सहा वाजून दहा मिनिटांनी फाटकातून आत. चाळीस वर्षे लोकांच्या दारात वाकून आकडे पाहिलेला माणूस, आता पाण्याकडे वाकून पाखरे पाहू लागला. घरी येऊन सांगायचे, "अगं, आज पाणकोंबडीने पिलांना पाण्यात उतरवलं." अर्जदार म्हणायची, "उतरवीना का. तुमच्या पेन्शनीतून तर नाही ना उतरवली?"

अर्जदार सुताराची मुलगी आहे. अक्षराआधी रंधा हातात आला. लग्नानंतर वडिलांची हत्यारे एका पेटीत राहिली, पण हात गप्प बसत नाही, तेव्हा घरातली कपाटे, फळ्या, दाराच्या कड्या कुणाला हात लावू दिला नाही. अशा प्रकारे दोघांचे दोन छंद एकाच घरात एकमेकांशी न बोलता राहत होते. फोटो बुटांच्या खोक्यांत, लाकूड गॅलरीत.

छत गळू लागले त्या वर्षी हे छंद बोलू लागले. जुन्या दरवाजाच्या लाकडाची एक चौकट अर्जदाराने केली आणि त्यात त्यांचा खंड्या बसवला, चोचीत मासा धरलेला. समोरच्या दातांच्या डॉक्टरने तो पाहिला आणि विकत मागितला. हौसेला मोल नसते असे म्हणतात. अर्जदाराने लावले, आणि चौकटीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवले. पुढे रविवारच्या बाजारात फळीएवढी जागा मिळाली. चौकटी, फोटो चिकटवलेले लाकडी ठोकळे, पाखरांची घरटी, उरलेल्या तुकड्यांच्या किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या. लोक चौकटवाल्या आजी म्हणू लागले. छत नवे झाले. लेकाच्या पुढे हात पसरावा लागला नाही. सून नोकरीवरून दमून आल्यावर बाजारचा हिशोब विचारू लागली, म्हणजे मान वाढला.

मात्र बाजाराची एक खोड असते. खंड्या विकला जातो. बगळा उभा असेल तर विकला जातो. पाणकोंबडी कोणी घेत नाही, ती काळी, तिला दिसायला काही नाही. मग पती सकाळी निघताना अर्जदार त्यांना सांगू लागली की आज काय आणायचे. मंडईत पाठवावे तसे. "चार खंड्या, आडवे. उभे नको, उभ्याला लाकूड जास्त जातं." ते मान हलवीत. पाणकोंबडीचे सांगणे हळूहळू बंद झाले. अर्जदारास ते बंद झालेले तेव्हा कळले नाही, घरात रंध्याचा आवाज मोठा असतो.

३. पुढे त्यांचे हात कापू लागले, फोटो हलू लागले. म्हणून अर्जदाराने खोके केले, ज्यावर आपली नोटीस आहे. सांधे खाच पाडून बसवलेले, एकही खिळा नाही. आत कॅमेरा. समोर काही हलले की तो आपोआप फोटो काढतो आणि खाली तारीख व वेळ उमटवतो. काही हलले नाही तर काढत नाही. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे.

खोक्याशेजारी त्यांना बसायला स्टूल केले. ते दगडी फरशीवर ठेवले आहे. ते जरा डुगडुगते, त्याचे कारण आपल्या विभागाने फरशी वाकडी बसवली आहे. तशी तोंडी तक्रार पूर्वीच केलेली आहे.

खोक्यातून घेतलेल्या प्रत्येक फोटोत डावीकडे त्यांचे काहीतरी येत असे. गुडघा, बाही, टोपीची कड. गिऱ्हाइकाला पाखरू हवे असते, म्हाताऱ्याचा गुडघा नको. म्हणून अर्जदार डावीकडची दोन बोटे पट्टी कापून टाकत असे. टाकत असे म्हणजे फेकत नसे, सुताराच्या घरी काही फेकत नाहीत. त्या पट्ट्या दुमडून काचेमागे आधाराला घालत असे, चौकट खुळखुळू नये म्हणून.

ते गेल्यावर सुनेने विचारले, "आई, भिंतीवर लावायला बाबांचा फोटो कुठला देऊ?" तर घरात एकही नाही. सगळे फोटो त्यांनी काढलेले, त्यांचे कोणी काढलेच नाहीत. तेव्हा अर्जदाराने न विकलेल्या चौकटी उघडल्या. अकरा पट्ट्या निघाल्या. टेबलावर मांडल्या. सात गुडघे, तीन बाह्या, एक टोपीची कड. उरलेला पासधारक लोकांच्या दिवाणखान्यांत काचेमागे घडी घालून बसला आहे, आणि लोकांना माहीत नाही.

४. तीन एप्रिलची गोष्ट. दातांच्या डॉक्टरला नव्या दवाखान्यासाठी बारा खंड्या हवे होते, आठ झाले होते. पतीच्या अंगात ताप होता. म्हणाले, "आज राहू दे का?" अर्जदार म्हणाली, "पाखरांना काय तुमचा ताप कळतो? डॉक्टर बारा मागतोय, आणि तुम्ही म्हणता राहू दे." हे शब्द जसेच्या तसे आहेत, त्यात काही कमी केलेले नाही.

ते गेले. कॅमेऱ्यात नवे कार्ड घालून नऊला परत आले, जुने कार्ड टेबलावर ठेवले आणि आडवे झाले. सहा तारखेला संध्याकाळी संपले.

कार्ड सुनेने महिन्याने पाहिले. एकही खंड्या नव्हता. त्या दिवशी त्यांनी खोक्याचे तोंड डावीकडे लव्हाळ्यात फिरवले होते. नऊ फोटो, पाणकोंबडी आणि पाच पिले. तोंड फिरवल्यामुळे स्टूल आणि फरशी आता पूर्ण फोटोत आली होती, आणि स्टुलावर ते. पाठमोरे, पुढे वाकलेले, पिले मोजत असावेत असे. कॅमेरा कुठे बघतो आहे हे त्यांना कळत नव्हते असे म्हणू नये, खोक्यात डोळा घालून पाहिल्याशिवाय ते कधी हलले नाहीत. ते आता अशा ठिकाणी बसले होते की त्यांना कापले तर पाखरूही कापले जाईल.

५. खोके तेव्हापासून तसेच तोंड फिरवून आहे. आपला फाटकावरचा पहारेकरी भला माणूस आहे. दर रविवारी बाजारातून घरी जाताना जुने कार्ड देतो, नवे कार्ड व बॅटरी घेऊन जातो. विकण्याजोगे पाखरू निघेल म्हणून अर्जदाराने हे चालू ठेवले. अर्जदार स्वतः तळ्यावर कधी गेलेली नाही. ते जिवंत असतानाही नाही. पासाच्या पाठीवर नियम चार छापला आहे, 'पासधारकासोबत एका व्यक्तीस प्रवेश', आणि ते दर वर्षी पास नवा झाला की तो नियम वाचून दाखवीत. अर्जदार म्हणे, "इथला भुसा कोण झाडील?" घर फाटकापासून बाराशे पावलांवर आहे. पावले त्यांनी मोजलेली.

मे महिन्यात सून म्हणाली, "आई, रोज एक फोटो वाया जातोय. रिकामा. सहा दहाचा."

अर्जदार म्हणाली, लव्हाळे हलले असेल. सून म्हणाली, "वाऱ्याने हलायचं तर दिवसभर हललं असतं. हा एकच येतो. मग आठपर्यंत काही नाही." सून कमी बोलते आणि बोलते ते मोजून बोलते, तो गुण या घरात तिने कुठून आणला माहीत नाही. मग दोघींनी मिळून सगळे रिकामे फोटो मांडले. रोज सहा दहा. सोमवारी नाही. वारा सोमवारची सुटी घेतो काय, याचे उत्तर आपल्या विभागाने द्यावे.

६. तेव्हा अर्जदाराने पहारेकऱ्यास घरी बोलावून विचारले. त्याने जे सांगितले त्यावरून त्याच्यावर काही कारवाई होऊ नये, तशी झाल्यास अर्जदार कार्यालयात येऊन बसेल व उठणार नाही.

आपल्या फाटकावर सकाळी येणाऱ्यांची नोंदवही असते. पहिल्या ओळीत गेली कित्येक वर्षे रोज एकच नोंद आहे : 'फोटोवाले, ६.१०'. चार आणि पाच एप्रिलला ती नाही, कारण पती अंथरुणात होते, आणि सहाला सोमवार होता. सात एप्रिलपासून ती पुन्हा आहे. कालपर्यंत दोनशे तेरा वेळा.

अर्जदार त्यास म्हणाली, "अरे, सवयीने लिहितोस का? मेलेल्या माणसाची हजेरी लावतोस?"

तो म्हणाला, "आजी, सवयीने लिहिलं असतं तर त्या दोन दिवसांतही लिहिलं असतं. ते गेल्याचं मला आठ तारखेला कळलं. लहान फाटकाची कडी वाजते, मी लिहितो. इतकी वर्षं मान वर न करताच लिहिलं, रोजचा माणूस, काय बघायचं?"

"मग आता तरी मान वर करून बघ की."

तो जायला उठला. मग म्हणाला, "मान वर केली आणि कोणी नसलं, तर आजी, वहीत लिहायचं काय?"

७. या सगळ्यानंतर अर्जदार आपल्या कार्यालयात पास स्वतःच्या नावे करून घेण्यास आली. तीन नंबरच्या खिडकीतल्या साहेबांनी सांगितले, की मूळ पासधारकाने समक्ष हजर राहून संमती दिल्याशिवाय नाव बदलत नाही. अर्जदार म्हणाली, ते मयत आहेत. साहेब म्हणाले, "मग मावशी, मयताच्या दाखल्याबरोबर त्यांची सही आणा." अर्जदाराने विचारले, कोणत्या बाजूची? साहेबांनी खिडकी बंद केली. जेवणाची वेळ होती.

सबब, आपल्या वहीत पासधारक दोनशे तेरा वेळा हजर आहे, आणि आपल्या नोटिशीत मयत आहे. एका कार्यालयाने काय ते एक ठरवावे. मयत असेल तर वही खोटी, आणि हजर असेल तर स्टूल त्याचे आहे, तो रोज त्यावर बसतो, बसत्या माणसाखालून स्टूल ओढून भंगारात देणे कोणत्या नियमात बसते ते लेखी कळवावे. उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा एकदा सहा वाजता तळ्यावर या.

८. तो रोज त्यावर बसतो, असे वर लिहिले. ते कशावरून, हे साहेब, आपण विचाराल. विचारावेच. यापुढे अर्जदार म्हणून लिहवत नाही, टाइपवाल्याने माफ करावे.

फरशी वाकडी नाही. ती तक्रार मी मागे घेते. स्टूल मी वाकडे केले. मागचा डावा पाय गव्हाच्या दाण्याएवढा आखूड कापला गेला. घाई होती, दुसऱ्या दिवशी बाजार होता. वडिलांनी ते पाहिले असते तर करवत हातातून काढून घेतली असती. माझ्या हातून एवढी वर्षे वाकडे काही गेले नव्हते, म्हणून मी कबूल केले नाही. नाचता येईना, अंगण वाकडे. हे एकदाच म्हणाले, "जरा डुलतं गं." मी म्हटले, फरशी. ते म्हणाले, "असू दे, डुलल्यामुळे झोप लागत नाही." आणि त्यावर सहा वर्षे बसले.

त्या स्टुलाची फळी पुढच्या बाजूला जड आहे, तिथे लाकडात गाठ आहे. म्हणून ते रिकामे असते तेव्हा पाण्याकडे कलते, मागचा आखूड पाय फरशीवरून उचललेला राहतो आणि त्याखाली उजेडाची चीर दिसते. कोणी बसले की वजन मागे जाते, आखूड पाय टेकतो, आणि समोरचा उजवा पाय उचलला जातो. मग चीर त्याच्याखाली दिसते. हे दुसऱ्या कोणाला कळणार नाही. ज्याने चूक केली त्यालाच तिची जागा माहीत असते.

मी भिंग घेऊन ते फोटो पाहिले. आठनंतरच्या फोटोंत, बगळा असो, कुत्रे असो, चीर मागच्या पायाखाली आहे. स्टूल रिकामे आहे. तीन एप्रिलच्या नऊ फोटोंत हे बसले आहेत, चीर पुढच्या पायाखाली आहे.

सहा दहाच्या दोनशे तेरा फोटोंत स्टुलावर कोणी नाही. चीर पुढच्या पायाखाली आहे.

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. सुताराच्या गुण्याला मानते. गुण्या म्हणतो काटकोन, तर काटकोन. तसाच हा पाय म्हणतो, बसले आहेत.

ते रागावून येतात की खंड्यांचे चार नग बाकी राहिले म्हणून येतात, हे मला माहीत नाही. रात्रभर कूस बदलून मी स्वतःला तेवढेच कोडे घालते. रागावले असते तर घरी आले असते, बाराशे पावले काही लांब नाहीत. घरी येत नाहीत. तिथे जातात, पाणकोंबडीकडे तोंड करून बसतात. मागणी पुरी करायला बसले असतील तर ते मला सोडवायचे आहे. नुसतेच बसले असतील, तर तेही एकदा पाहायचे आहे. डॉक्टरचे आगाऊ दिलेले पैसे मी परत केले. हे त्यांना जाऊन सांगितल्याशिवाय कसे कळणार?

९. तरी विनंती अशी. स्टूल व खोके आहे तिथे राहू द्यावे. भंगाराची गाडी निघाली असल्यास परत बोलवावी. कमाईबद्दल जो दंड असेल तो मी भरेन, तो माझा आहे, त्यांच्या नावावर मांडू नये, त्यांनी छंदाचाच पास घेतला होता आणि शेवटच्या दिवशी तो पाळला. तळ्यावरचा एकही फोटो यापुढे विकला जाणार नाही. चौकटी मी करीन, त्यात लोकांनी आपापली माणसे घालावीत, पूर्ण, न कापता.

पास बदलून नको. तीन नंबरच्या साहेबांना तसदी नको. पास त्यांच्याच नावे एकतीस मार्चपर्यंत चालू आहे, आणि त्याच्या पाठीवर नियम चार आहे. पासधारक रोज येतो हे आपलीच वही सांगते. मला त्याच्यासोबतची व्यक्ती म्हणून आत सोडावे. मी पावणेसहाला फाटकाशी उभी राहीन. कडी वाजली की मागोमाग येईन. पहारेकऱ्याने मान वर करायची गरज नाही, फक्त पहिल्या ओळीत एवढे वाढवावे :

'फोटोवाले, सोबत एक. ६.१०.'

बसायचे मी माझे आणीन.

आपली, जमेल तितकी नम्र,

(सही)
पासधारकाची पत्नी,
बाजारात चौकटवाल्या आजी
दिनांक : ११ डिसेंबर

सोबत जोडले आहे :

१) तीन एप्रिलचा फोटो, एक. फक्त स्टुलाच्या पायाकडे पाहावे, बाकी फोटो आमचा आहे. परत करावा.
२) दहा डिसेंबरचे फोटो, दोन. एक सहा दहाचा, एक आठ चाळीसचा, बगळ्यासह.
३) नोंदवहीच्या पानांची नक्कल, सुनेच्या अक्षरात.
४) मूळ पास. पाठ वाचावी.
५) लाकडाची चकती, गव्हाच्या दाण्याएवढी जाड, एक. आखूड पायाखाली चिकटवायला सप्टेंबरमध्ये केली. चिकटवली तर स्टूल डुलणार नाही, आणि ते बसले की नाही हे मला कधीच कळणार नाही. माझ्याजवळ राहिली तर हात शिवशिवतात. आपल्या टेबलाच्या खणात ठेवावी, आणि मी मागायला आले तरी देऊ नये.